समासात लिहिलेला शब्द

कोल्हापूर
१२ ऑगस्ट २००५

श्रीशैल भाऊजी, शरणु.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत. साडेतीन वर्षांनी लिहिते आहे म्हणजे काहीतरी वाईट झालं असणार, असं तुम्हाला वाटेल म्हणून हे आधी सांगून टाकलं. कारण पुराचं आहे. पंचगंगा उतरली, रस्ते सुरू झाले, पण शिरोळ तालुक्याच्या बातम्या ऐकून अव्वांच्या घशाखाली घास उतरेना. थोरला मुलगा जयसिंगपुरात एकटा, आणि त्याला ऐकू येत नाही म्हणून फोन करून 'कसा आहेस' विचारायचीही सोय नाही. तुमच्या धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, लिहा म्हटलं तर म्हणाले की दुकानातली भिजलेली पोती वाळवू का पत्रं लिहू. मग उरले मी.

तुमची पुतणी आता आठ वर्षांची झाली. तिसरीत आहे, साध्या शाळेत, ऐकणाऱ्या मुलांच्यात. चाचणी परिक्षेत वर्गात सातवी आली. पुण्याच्या कानाच्या ऑपरेशनला या ऑक्टोबरात चार वर्षं होतील. कानामागचं टाक्यांचं व्रण केसांत झाकून गेलंय. बाहेरचं मशीन छातीवर असतं, त्याची पिशवी मी प्रत्येक फ्रॉकला आतून शिवते आणि वायर मागून वेणीतून वर नेते. कुकरच्या शिट्ट्या आता मी मोजत नाही, ती मोजते. "आई, तीन झाल्या" म्हणून अंगणातून ओरडते. शाळेला वर्षभर 'साला' म्हणायची, शेजारच्या पोरांची फुकट करमणूक व्हायची. आता शाळाच म्हणते.

हे तुम्हाला कळावं असं वाटलं. तुम्ही अचानक गेलात, कुणाला धड निरोपही दिला नाहीत. शिवू लहान होती, तिच्या ते लक्षात राहिलेलं नाही. तुम्ही मनात काही ठेवू नका, मीही ठेवलेलं नाही. पुराचा त्रास झाला नाही एवढं दोन ओळींत कळवा, अव्वांसाठी.

महानंदा


कोल्हापूर
३० ऑगस्ट २००५

भाऊजी, शरणु.

दोन ओळी मागितल्या होत्या. आलं ते माझंच पत्र, तांबड्या शाईनं माखून. अव्वा विचारत होत्या काय लिहिलंय म्हणून, मी म्हटलं, बरे आहेत, खोलीत पाणी आलं नाही. ते खरं असेल अशी आशा आहे. पाणी शिरलेल्या घरात माणूस ऱ्हस्व-दीर्घ बघत बसणार नाही, असा मी हिशेब केला.

चौदा चुका काढल्यात. परीक्षेतली 'री' दीर्घ, व्रण तो, ते नव्हे, आणि असंच पुढं. आयुष्यभर प्रेसमध्ये खिळे जुळवले आणि प्रूफं तपासली, तुमचा हात राहणार कसा? मी नवी नवरी होते तेव्हा दूधवाल्याच्या वहीतला माझा मजकूर तुम्ही दुरुस्त करून ठेवला होता. मी रडले होते, आणि अव्वांनी सांगितलं होतं की तो देवाच्या आरतीच्या पुस्तकालाही सोडत नाही. तेव्हा तेरा चुकांचं मला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर तुमची अक्षरं बघून बरं वाटलं.

चौदावी चूक चूक नाही. 'तुम्ही अचानक गेलात' ह्यातल्या 'गेलात'वर काट मारून तुम्ही समासात लिहिलंत, 'घालवलं'. व्याकरण बिघडू नये म्हणून 'तुम्ही'चं 'तुम्हाला'ही केलंत. हे प्रूफ तपासणाऱ्याचं काम नाही, भाऊजी. मजकूर ज्याचा त्याचा असतो.

शिवूला बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी काय सांगितलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मशीन चालू केलं त्याच आठवड्यात त्यांनी ह्यांना आणि मला समोर बसवून सांगितलं. हातांनी कळतंय तोवर मूल कानाकडे वळणार नाही. घरात हातवारे बंद, सगळ्यांनी तोंडानं बोलायचं, आणि एकच भाषा बोलायची. अव्वांची कानडी त्या दिवशी बंद झाली. सत्तर वर्षांची जीभ, पण त्यांनी ऐकलं. फक्त एकदा म्हणाल्या, "मग देवासंगं तरी कानडीत बोलू का, त्येबी बंद?" तेव्हापासून कानडी फक्त देव्हाऱ्यापुढं, तीही ओठांतल्या ओठांत. अव्वांनी भाषा सोडली, मी माहेर सोडलं म्हणा, वारणानगरला वर्षातून एकदा सुद्धा जाणं झालं नाही. तुमच्याकडं मागितलं ते नुसते हात.

'नुसते' हा शब्द मी लिहून खोडला होता आणि परत लिहिला. तुम्ही खोडणार असाल तर खोडा.

साडेचार वर्षांची होईपर्यंत शिवू तुमच्याशीच बोलायची. कपाळावर तीन बोटं आडवी फिरवली की अव्वा, विभूती लावल्यासारखी. दोन्ही हात कमरेवर ठेवले की मी. ते तुम्ही शिकवलं होतं, मला माहीत आहे, आणि मी आत आले की दोघं शहाण्यासारखी तोंडं करायचात. चिमटीत खिळा उचलल्यासारखं केलं की तुम्ही. बालवाडीत कुणी मारलं, कुत्रं का भुंकलं, सगळं ती तुम्हाला सांगायची आणि मग तुम्ही मला कागदावर लिहून द्यायचात. माझ्या मुलीच्या मनातलं मला कागदावर वाचायला मिळायचं. मला हेवा वाटायचा. हे लिहायचं नव्हतं, पण शाईनं लिहिलंय, आता राहू दे.

महानंदा


कोल्हापूर
११ ऑक्टोबर २००५

भाऊजी, शरणु.

मागचं पत्र परत आलं नाही. रोज पोस्टमनची वाट बघितली. सहा आठवडे झाले. तांबडी शाई बरी होती असं आता वाटायला लागलंय.

दुरुस्ती मान्य आहे. घालवलंच. तुम्हाला आणि मलाच ठाऊक आहे ते आता एकदा माझ्या हातानं लिहिते.

फेब्रुवारीतला रविवार होता, २००२ चा. मशीन चालू होऊन तीन महिने झाले होते आणि शिवू कशालाच वळत नव्हती. मी ताट वाजवायची, घंटी वाजवायची, नाव घेऊन घेऊन घसा बसायचा. तिच्याच आठवड्यात पुण्याला ऑपरेशन झालेला मुलगा 'मामा' म्हणायला लागला होता. तुम्ही बाहेरून आलात. शिवू पळत गेली आणि तुम्हा दोघांचे हात सुरू झाले. मशीनची डोक्यावर चिकटणारी चकती केव्हाच निसटून वायरीला लोंबत होती. तिला पत्ता नव्हता, तुम्हालाही नव्हता. दोघं हसत होता. मी तिची पाटी घेतली आणि लिहिलं, 'तुम्ही या घरात असेपर्यंत ती बोलणार नाही. स्वतः मुके राहिलात, आता तिलाही मुकीच ठेवायचं आहे का?'

तुम्ही दोनदा वाचलंत. मग तळहातानं पाटी पुसलीत, कोपऱ्यातलं अक्षरसुद्धा राहू दिलं नाहीत. तेव्हा मला वाटलं रागानं पुसली. नंतर कळलं की आत ह्यांना आणि अव्वांना ते दिसू नये म्हणून. मंगळवारी ट्रंक घेऊन तुम्ही जयसिंगपूरला गेलात. तिथल्या प्रेसनं बोलावलंय असं भावाला लिहून दिलंत. इथल्या प्रेसमध्ये ऑफसेट आलं होतं, खिळ्यांचं काम संपत आलं होतं, तेव्हा सगळ्यांना ते पटलं. मीही विचारणाऱ्याला सांगत राहिले, अचानक गेले.

आणखी एक आहे. शिवूला हे तुमच्याकडून आलं असं माझ्या मनात होतं. डॉक्टर नाही म्हणाले. तुम्ही दोन वर्षांचे असताना तुमचे कान तापात गेले, हे अव्वांनी शंभरदा सांगितलं. मी मान हलवायची आणि मनात तेच धरून बसायची. कुणावर तरी राग काढायला हवा होता आणि तुम्ही उलट ओरडणार नव्हता.

तुम्ही गेल्यावर पाच आठवड्यांनी शिवू कुकरच्या शिट्टीला वळली. मॅडम म्हणाल्या, बघा. मीही म्हटलं, बघा. ती तुमच्यामुळं थांबली होती का नुसता वेळच लागणार होता, हे मी त्यांना गेल्या वर्षी विचारलं. त्या प्रामाणिक बाई आहेत. म्हणाल्या, दोन्ही प्रकारची मुलं पाहिलीत, ह्या मुलीचं कसं झालं असतं ते आता कुणीच सांगू शकणार नाही. त्या दिवशी घरी येताना मी बसमध्ये चढले आणि उतरायचं विसरले.

ते पाच आठवडे ती प्रेस सुटायच्या वेळेला उंबऱ्यावर बसायची आणि चिमटी करून मला विचारायची. मी तिची चिमटी सोडवायची. आधी हळू, मग जोरात. एकदा बोटं लाल झाली. मग तिनं विचारणं सोडलं.

तुमची पोस्टकार्डं आली होती, शिवूच्या नावानं. अकरा. प्रत्येकावर पेन्सिलीनं काढलेले हात, आणि खाली एकेक शब्द सुरेख अक्षरात. शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या खाली आहेत. तिनं एकही पाहिलेलं नाही. शेवटच्यावर चित्र नाही. 'शिवू, मी पाठवतो ते मिळतं का?' एवढंच आहे.

मिळत होतं, भाऊजी. मला मिळत होतं.

महानंदा


कोल्हापूर
४ मार्च २००६

भाऊजी, शरणु.

उत्तर नाही म्हणून लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आता माझा मान बाजूला ठेवायला लागणार आहे.

शिवूचं मशीन बंद पडलं. वीस फेब्रुवारीला वर्गात बसल्या बसल्या तिनं बाईंना सांगितलं की आवाज गेला. बॅटरी बदलली, वायर बदलली, डोक्यावरची चकती बदलली. पुण्याला नेलं. आत बसवलेला भागच निकामी झालाय म्हणाले, क्वचित होतं असं. तो काढून दुसरा बसवायचा. सत्तावीस एप्रिलची तारीख मिळाली आहे, त्यानंतर महिनाभरानं चालू करणार, आणि नव्यानं ऐकायला शिकायला किती दिवस लागतील ते तिच्यावर.

तोपर्यंत तिला काहीच ऐकू येत नाही. जन्मापासून आलं नव्हतं तेव्हा तिला त्याचं काही नव्हतं. आता चार वर्षं ऐकल्यावर गेलंय. दिवसभर माझ्या तोंडाकडं बघत म्हणते, "आई, बोल की." मी बोलतच असते. ओठ वाचायला मी तिला कधी शिकवलं नाही. उलट शिकवताना तोंडापुढं पुठ्ठा धरायची, तिनं कानानंच ऐकावं म्हणून. मॅडम सांगायच्या तसं सगळं केलं, आणि थोडं जास्तच केलं. आता तिला ओठ कळत नाहीत, हात कळत नाहीत. तिसरीतल्या पोरीशी कागदावर लिहून किती बोलणार? परवा तिनं वहीत लिहून मला दाखवलं, 'सगळ्यांनी माझ्याशी अबोला का धरलाय?'

मी ह्यांना पाटीचं सगळं सांगितलं. पोस्टकार्डं काढून पुढ्यात ठेवली. दोन दिवस ते माझ्या हातचं जेवले नाहीत, दुकानातच काहीतरी खाल्लं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लिही आण्णाला. येईल त्यो. तुझ्यासारखा न्हाई त्यो."

म्हणून लिहिते आहे. तुम्ही या. मला माफ करा असं म्हणत नाही, ते वेगळं आहे आणि त्याला वेळ आहे. आवाज नसलेल्या ज्या घरात तुम्ही पन्नास वर्षं राहिलात तिथं ती पहिल्यांदा एकटी सापडली आहे. तिला तिथं वावरायचं कसं ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नाही. तुमचे हात बघितले की तिला आठवेल. चार वर्षं काही फार नाहीत. मी तिला पोस्टकार्डं दाखवणार होते, पण वाटलं की ती तुमच्या हातूनच दाखवलेली बरी.

उशीर करू नका.

महानंदा


कोल्हापूर
२ एप्रिल २००६

भाऊजी, शरणु.

तुम्ही आलात. माझ्या मागच्या तीन पत्रांना न देता आलेलं उत्तर सव्वा तासाच्या एसटीनं दिलंत. अव्वांनी तुमचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि चार वर्षांनी ह्या घरात मोठ्यानं कानडी बोलल्या. तुमचे केस इतके पांढरे झाले असतील असं मला वाटलं नव्हतं.

तुम्ही गेल्यापासून आठ दिवस मी ह्या पत्राला भीत होते. पण तुमच्या खिशात माझं एक खोटं गेलंय आणि ते तिथं राहू देणं मला जमत नाही. तुम्ही मला चौदा चुका दाखवल्यात, ही पंधरावी मीच दाखवते.

तुम्ही शिवूपुढं जमिनीवर मांडी घालून बसलात. कपाळावर तीन बोटं फिरवलीत. मग हात कमरेवर ठेवलेत, आणि अव्वा इतक्या हसल्या की पदर डोळ्याला लावावा लागला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. शिवू टक लावून बघत होती आणि मला वाटलं, आता आठवेल, आता हात वर येईल. मग तुम्ही चिमटी केलीत. एकदा, दोनदा, मग अगदी सावकाश तिसऱ्यांदा, खिळा उचलून तिच्या तळहातावर ठेवल्यासारखी. तिनं हात मागं घेतला, उठली आणि माझ्याकडं आली. तुमच्याकडं पाठ करून ती माझ्याशी बोलली. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून फार मोठ्यानं बोलली. ह्यांनी ऐकलं, अव्वांनी ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त तुम्ही.

तुम्ही मान वर करून मला खुणेनं विचारलंत, काय म्हणाली? सगळ्यांची तोंडं बघून तुम्हाला काही कळलं का, ते मला अजून कळत नाही. मी कागदावर लिहून दिलं, 'ती म्हणते, दोड्डप्पा आले.' तुम्ही वाचलंत. किती वेळ बघत राहिलात. मग घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलंत आणि तुमचा चेहरा असा झाला की मला मान वर करवेना. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ते उठून बाहेर गेले.

दोड्डप्पा हा शब्द तिच्याकडं नाही, भाऊजी. मोठ्या काकाला ह्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दोड्डप्पाच म्हणतात, पण कानडी बंद केली तेव्हा तो गेला. चिमटी मी सोडवली तेव्हा तीही गेली. तुम्हाला हाक मारायला मी तिच्याजवळ काहीच शिल्लक ठेवलं नाही. फोटोत तुम्ही दिसलात की 'ते काका' म्हणते. रिक्षावाल्याला म्हणते तसंच.

मला वाटत होतं, मी फक्त थांबवलंय. कपाटात ठेवलंय, लागेल तेव्हा काढता येईल. लहान मुलाच्या हातातलं काढून घेतलं की ते कुठंही ठेवलेलं नसतं, हे मला त्या दुपारी कळलं. ह्याबद्दल तुमची माफी मागायची का तिची, तेही मला ठरवता येत नाही. तुम्ही गेल्यावर मी पोस्टकार्डं तिच्यापुढं मांडली. तिनं चित्रं चांगली आहेत म्हटलं आणि बघून परत दिली. मी पहिल्या कार्डावरचा हात बघून तो तसा करून दाखवला. तिनं माझा हात धरून खाली केला.

तुम्ही परत या असं लिहायचा मला धीर होत नाही. यावंसं वाटलं तर दार उघडं आहे आणि अव्वा वाट बघतात. पण येणार असाल तर खरं काय ते ठाऊक असून या. ती जे बोलली ते असं होतं.

"आई, त्या काकांना सांग, हात खाली ठेवा. शहाणी माणसं तोंडानं बोलतात."

इतकं लांब वाक्य ती आजवर एका दमात कधी बोलली नव्हती.

महानंदा